उघडा वाफा

चांगलं हिरवंगार, मांडीला लागेल एवढं वाढलेलं सोयाबीनचं झाड माझ्या मित्राने मुळासकट उपटलं, दाढीच्या ब्लेडने त्याचं खोड वरपासून खालपर्यंत चिरलं आणि दोन्ही फाकी माझ्या तळहातावर ठेवल्या. 1996 सालचा ऑगस्ट महिना. बाहेरून त्या झाडाला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. पानं टवटवीत होती, फुलं लागली होती. आत मात्र भेंडाच्या जागी तांबूस रंगाची नागमोडी वाट पडलेली होती आणि त्या वाटेच्या टोकाशी भाताच्या शितापेक्षा बारीक, पिवळट पांढरी अळी वळवळत होती.

"ही खोडमाशीची अळी," तो म्हणाला. "यातली किती झाडं आतून अशी आहेत, हे तुझ्या या कर्जदाराला ठाऊक आहे का विचार."

माझा कर्जदार शेजारीच उभा होता. त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि ते जास्त लाजिरवाणं होतं. कारण याच माशीवरच्या औषधासाठी मी त्याला सलग तीन हंगाम पैसे देत आलो होतो.

तेव्हा मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. शाखा वाशिमच्या बाजूला. वाशिम जिल्हा व्हायचा होता. तो जुलै 1998 मध्ये झाला. तोवर जिल्ह्याच्या प्रत्येक कामासाठी अकोल्याची वाट धरावी लागे. सोयाबीन त्या भागात तसं नवखंच. मध्य प्रदेशातून आलेलं हे पीक ज्वारीची आणि मूग-उडदाची जागा घेत चाललं होतं. 1994 च्या सुमाराला जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं 'जेएस 335' हे वाण आलं आणि मग गावंच्या गावं त्याच्या मागे लागली. शंभरेक दिवसांत हाती येणारं, दिवाळीच्या तोंडावर पैसा देणारं पीक. बँकवाल्याला आणखी काय हवं? कापसाचं कर्ज मार्च उजाडला तरी अंगावर असे. सोयाबीनवाला फराळाचा वास सुटायच्या आत खात्यावर पैसे भरून जाई. माझे वसुलीचे आकडे सुधारले म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. ती थाप खरं म्हणजे त्या पिवळ्या दाण्याला मिळायला हवी होती.

पीककर्जाची एकरी रक्कम ठरलेली असे. बियाण्याला एवढे, खताला एवढे, औषधाला एवढे. काही भाग रोख, काही वस्तुरूप. वस्तुरूप भागाची चिठ्ठी आम्ही कृषी केंद्राच्या नावे लिहून देत असू. शेतकरी ती घेऊन जाई आणि बियाणं, खतासोबत फोरेटची पिशवी घेऊन येई. पेरताना हेक्टरी 10 किलो फोरेट जमिनीत द्यायचं, ही शिफारस मला पाढ्यासारखी पाठ होती. माझ्या सहीने किती फोरेट त्या शिवारात गेलं असेल याचा हिशेब मी कधी केला नाही. केला तर टनांत भरेल. पण मातीत गेल्यावर ते नेमकं काय करतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. विषाला 'औषध' म्हटलं की असले प्रश्न पडत नाहीत.

मित्र कीटकशास्त्राचा माणूस. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. त्याने बांधावर बसून मला समजावलं ते असं. नेहमीचं कीटकनाशक पानावर पडतं, किडीच्या अंगाला लागतं किंवा पानाबरोबर तिच्या पोटात जातं. पावसाने धुऊन गेलं की संपलं. खोडात लपलेल्या अळीला तर त्याचा स्पर्शही होत नाही. आंतरप्रवाही कीटकनाशकाची गोष्ट वेगळी. ते मुळांवाटे झाडात शिरतं, पाण्याबरोबर वर चढतं, खोडात, देठात, पानात भिनतं. मग झाडच विषारी होतं. त्याचा रस शोषणारा किंवा त्याचं भेंड कुरतडणारा किडा मरतो. मला संस्कृत नाटकातली विषकन्या आठवली. मी तसं म्हणालो तर तो हसला. 1962 साली रेचल कार्सन या अमेरिकन लेखिकेनेही आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात या औषधांवर लिहिताना ग्रीक पुराणातल्या मिडियाच्या विषारी वस्त्राची आठवण काढली होती, असं त्याने सांगितलं. मुळात ही कल्पना माणसाला निसर्गानेच दाखवली. जमिनीत सेलेनियम असेल तर तिथल्या गव्हावर मावा जगत नाही, हे अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 1936 मध्ये दाखवून दिलं होतं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी तीच वाट धरली आणि फॉस्फरसची भयंकर जहाल संयुगं तयार केली. फोरेट त्यांतलंच एक.

आता खोडमाशी. दोन मिलिमीटरची काळी, चकचकीत माशी. घरातल्या माशीपुढे ती म्हणजे मोहरीपुढे राई. रोप जेमतेम दोन-चार पानांवर असताना ती पानात अंडी घालते. अळी पानातून शिरेत, शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. रोप फार कोवळं असेल तर मरतं. पंधरा-वीस दिवसांचं झालं असेल तर मरत नाही, वाढत राहतं, फक्त आतून पोखरलं जातं. दुसरा चक्रभुंगा. त्याची मादी देठावर किंवा फांदीवर दोन समांतर चकत्या पाडते आणि मधल्या जागेत अंडं ठेवते. चकतीच्या वरचा भाग वाळून जातो. ही कलाकुसर मी भिंगातून पाहिली आहे. सोनाराने वळं घडवावं इतकी ती नीट असते.

"मग फोरेट चांगलंच की," मी म्हणालो.

"असेलही. पण तुझ्या या गावात त्याने किती दाणे वाढतात, हे कोणी मोजलंय?"

कोणीच मोजलेलं नव्हतं. मोजणार तरी कसं? ज्याने फोरेट घातलं त्याने सगळ्या शेतात घातलं. पीक आलं की म्हणायचं औषधाने आलं. नाही आलं की म्हणायचं औषध भेसळीचं होतं. घातलं नसतं तर काय झालं असतं, हे सांगायला शेतात वीतभरही जागा शिल्लक नव्हती. आम्ही कादंबरीकार न घडलेलं बिनदिक्कत लिहून मोकळे होतो. शेतात न घडलेलं पाहायचं तर त्यासाठी जमीन राखून ठेवावी लागते.

पुढच्या वर्षी त्याच शेतात एक प्रयोग करायचा असं त्याने मनात घेतलं. शेतकऱ्याचं नाव सांगत नाही. गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही म्हणायचो. पाच एकर कोरडवाहू, दोन बैल, मुलगा लहान, मुलगी चौथीत. भाऊंना फोरेटचे वाफे चालत होते, फवारणीचे चालत होते. काहीच न घालण्याच्या वाफ्यांवर मात्र ते अडून बसले.

"रिकामी ठेवाले कर्ज काढलं का मी, साहेब?"

प्रश्न बिनतोड होता. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर उघड्या वाफ्याचं नुकसान सरकार सोसतं. औषध विकणाऱ्याला तो वाफा नकोच असतो. आणि शेतकऱ्याला तो परवडत नाही. सगळ्या प्रयोगाचा जीव ज्या वाफ्यात, तोच वाफा कोणाचाच नाही. शेवटी मी म्हणालो, उघड्या वाफ्यांत जेवढं कमी येईल तेवढ्याचे पैसे बाजार समितीच्या भावाने मी देईन. बँकेच्या अधिकाऱ्याने कर्जदाराला अशी तोंडी हमी देणं कुठल्याही नियमात बसत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली म्हणून आज हे लिहितो आहे.

पहिला दमदार पाऊस झाला, वाफसा आला आणि आम्ही साधारण पाच गुंठ्यांत दोऱ्या बांधल्या. वीस वाफे, प्रत्येक 5 मीटर लांब आणि 3.6 मीटर रुंद, म्हणजे दीड फुटावर आठ ओळी. चार प्रकार: एक फोरेटचा, एक नंतर डायमेथोएट फवारण्याचा, एक दोन्हींचा आणि एक काहीच नसलेला. प्रत्येक प्रकार पाच वेळा. कोणत्या वाफ्यात काय हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. भाऊंच्या टोपीत चिठ्ठ्या घातल्या आणि त्यांच्या लेकीने एकेक काढली. बांधाजवळ शेणखताचा जुना ढीग असायचा, तिथली जमीन काळी लोण्यासारखी. नेमकी तिथे 'काही नाही' ही चिठ्ठी निघाली. भाऊ हळहळले.

"चांगल्या जागी चांगलं औषीद टाका ना बावा! चिठ्ठीवर काहून सोडता?"

मित्राने काम थांबवून त्यांना उत्तर दिलं. चांगली जागा आपण औषधाला दिली आणि तिथे जास्त पिकलं, तर ते जागेमुळे पिकलं की औषधामुळे, हे कसं कळणार? माणसाचा हात नकळत आवडत्या बाजूला झुकतो. चिठ्ठीला आवड नसते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात हे शास्त्र उभं केलं. आपल्याकडे ते शेतापर्यंत आणण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. एक विनायक गोविंद पानसे, इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले. दुसरे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. या दोघांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' हे पुस्तक 1954 साली निघालं. देशातल्या कुठल्याही कृषी विद्यापीठातला प्रबंध उघडा, औषधाचं, खताचं, वाणाचं काहीही असो, मागच्या संदर्भांत ही जोडी बहुधा सापडतेच. मराठी घरांतून पुलं-कुसुमाग्रजांची नावं निघतात तशी ही नावं निघत नाहीत. असो.

हेक्टरी 10 किलो म्हणजे आमच्या एका वाफ्याला 18 ग्रॅम. मित्राने वाशिमच्या एका सोनाराकडून जुना काटा मागून आणला होता. हातमोजे घालून, नाकातोंडाला फडकं बांधून त्याने दहा पुड्या तोलल्या आणि त्या त्या वाफ्याच्या ओळींत स्वतः मिसळल्या. आम्ही पाच गुंठ्यांत हा सोहळा करत होतो तेव्हा पलीकडे भाऊंची उरलेली पेरणी चालूच होती. तिफणीच्या चाड्यावर भाऊंची मूठ, आणि मागे सरतं धरून वहिनी. त्यांच्या ओटीत मातीत कालवलेलं फोरेट होतं. उघड्या हाताने, काकणं वाजवत त्या मूठ मूठ सोडत होत्या. आमचं दोघांचंही तिकडे लक्ष होतं, आणि नव्हतं.

दुपारनंतर त्या बांधावर बसल्या. ऊन लागलं म्हणाल्या. मग घामाने चिंब झाल्या, तोंडाला पाणी सुटलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. मित्राने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तो ओरडलाच. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. गावातल्या एकमेव जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. रिकामी पिशवी बरोबर घेतली होती म्हणून डॉक्टरांना वेळ घालवावा लागला नाही. ॲट्रोपिनची इंजेक्शनं लगेच सुरू झाली. बाहेर बाकावर बसून ती पिशवी मी पहिल्यांदा वाचली. लाल त्रिकोण. त्याखाली बऱ्याच भाषांत मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. हातमोजे घाला, असं त्यात होतं. चिठ्ठीवरची सही माझी होती. हातमोज्यांसाठी मात्र एकरी कर्जाच्या हिशेबात कुठे पैसा धरलेला नव्हता.

वहिनी वाचल्या. चौथ्या दिवशी घरी आल्या. मी भेटायला गेलो तर चहा ठेवायला उठू लागल्या. नको म्हटलं तर ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "औषीद म्हणे ना ते, साहेब? मंग माणूस काहून पाडते?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही.

प्रयोग थांबवावा असं मला वाटलं. भाऊ म्हणाले, आता तर कराच. म्हणून तो झाला. दर पंधरवड्याला मित्र एस.टी.ने येई. प्रत्येक वाफ्यातली कडेची ओळ सोडून आतली दहा झाडं उपटायची, चिरायची, खोडाची लांबी मोजायची, त्यातला पोखरलेला भाग मोजायचा. वहिनींना झाडं उपटलेली बघवत नसे. मी शनिवारी अर्धा दिवस संपला की जाई आणि आकडे लिहून घेई. ऑगस्टच्या मध्याला उंटअळी आणि तंबाखूवरची ती पानं खाणारी अळी आली तेव्हा मला एक गोष्ट कळली. लोक ज्या किडीला घाबरतात, जी दिसते, जिच्यामुळे पानांची चाळणी होते, तिच्या वेळेपर्यंत पेरताना घातलेल्या औषधाचा जोर बहुतेक ओसरलेला असतो. त्याचं राज्य पहिल्या काही आठवड्यांचं. आणि दुसरी गोष्ट, सोयाबीन हे मोठं सोशीक झाड. शेजारचं रोप मेलं तर ते फांद्या पसरून ती जागा भरून काढतं. फुलं येण्यापूर्वी पाव भाग पानं गेली तरी दाण्यात सहसा फरक पडू देत नाही. किडीने खाल्लं म्हणजे तेवढं नुकसान झालं, हे बँकेच्या खातेवहीत खरं. झाडाच्या खातेवहीत नाही.

ऑक्टोबरात कापणी झाली. वीस वाफे वेगवेगळे बडवले, वेगवेगळ्या पिशव्यांत भरले, त्याच सोनाराच्या गावच्या किराणा काट्यावर तोलले. खोडं पाहिली तर फोरेटचं काम स्पष्ट होतं. पोखरलेली लांबी उघड्या वाफ्यांपेक्षा पुष्कळच कमी. दाण्यांचं वजन पाहिलं तर गोंधळ. उघड्या वाफ्यांची सरासरी किंचित कमी होती खरी, पण फोरेटच्याच दोन वाफ्यांमधला फरक त्याहून मोठा होता. शेणखताच्या जागेवरचा तो उघडा वाफा तर विसांत दुसरा आला. मित्राने रात्रभर गणित मांडलं आणि सकाळी सांगितलं, या हंगामात औषधाचा फरक जमिनीच्या नैसर्गिक चढउतारात बुडून गेलाय. आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही नाही.

"म्हणजे तू भाऊंना काही देणं लागत नाहीस," तो म्हणाला.

भाऊंनी ऐकून घेतलं. "ते तुमचं शास्त्र असंन. माह्या पोत्यात तेवढं कमी हाय." मी पैसे दिले. रक्कम फार नव्हती. त्यांच्या म्हणण्यात तथ्य फार होतं.

इथे गोष्ट संपली असती तर औषध म्हणजे निव्वळ फसवणूक, असं लिहून मी टाळ्या मिळवल्या असत्या. पण दुसऱ्या वर्षी, 1998 ला, त्या शिवारात पाऊस लांबला, पेरणी लांबली, आणि रोपं दोन पानांवर असतानाच माशी तुटून पडली. उघड्या वाफ्यांत जागोजागी खळी पडली. त्या वर्षी फोरेटचे पाचही वाफे उठून दिसत होते. त्यासाठी पानसे-सुखात्म्यांना त्रास द्यायची गरज नव्हती. फोरेट अधिक फवारणी या दुहेरी खर्चाने मात्र एकट्या फोरेटपेक्षा काही जास्त पिकवलं नाही. म्हणजे एका वर्षी औषध नसतं तरी चाललं असतं, एका वर्षी नसतं तर भाऊ बुडाले असते. कोणतं वर्ष कोणतं, हे पेरताना कळत नाही, आणि औषध तर पेरतानाच द्यायचं. मी हा पेच मित्रापुढे ठेवला. तो म्हणाला, म्हणून तर एका वर्षाच्या प्रयोगावर कोणी विश्वास ठेवू नये. निदान तीन हंगाम हवेत. तिसरा हंगाम आला त्याआधी माझी बदली कोकणात झाली. प्रयोग कुठे छापून आला नाही. त्याची वही माझ्याकडे आहे. त्या वहीत खोडाची लांबी आहे, पोखरण आहे, दाण्याचं वजन आहे, एका रुपयाच्या औषधाला किती रुपयांचं वाढीव उत्पन्न याचा रकाना आहे. वहिनींच्या त्या चार दिवसांचा रकाना नाही. मित्राचा यात दोष नाही, कारण प्रयोगाच्या वाफ्यांत त्या कधी उतरल्याच नव्हत्या.

नंतरची वर्षं मी हा विषय दुरून पाहत आलो. 2008 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात तंबाखूवरच्या अळीने सोयाबीन फस्त केलं. शेतांत नुसते देठ उभे. भाऊंचा फोन आला होता. दुकानदार सांगेल ते एकावर एक मिसळून लोक फवारत होते. त्या धक्क्यानंतर 2009 पासून राज्यात 'क्रॉपसॅप' नावाने कीड मोजण्याचं काम सुरू झालं. ठरावीक शेतांत माणसं जाऊन अळ्या मोजतात आणि मीटरभर ओळीत तीन-चार लहान अळ्या दिसल्या तरच फवारा म्हणतात. आधी मोजा, मग खर्च करा. बँकेत हे आम्हाला कोणी शिकवलं असतं तर! 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. त्या बातम्या वाचताना मला फक्त काकणांचा आवाज ऐकू येत होता. 2018 मध्ये केंद्र सरकारने बंदीचा आदेश काढला आणि 2020 संपताना फोरेट कायमचं गेलं.

त्याची जागा बियाण्यावरच्या लेपाने घेतली आहे. थायामेथोक्झाम नावाचं नव्या घराण्यातलं आंतरप्रवाही औषध किलोला 10 मिली या प्रमाणात बियाण्याला चोळायचं. दाणा रुजतानाच विष पिऊन घेतो. माणसाला ते फोरेटपेक्षा पुष्कळ सौम्य. पण या घराण्यातली तीन औषधं मधमाश्यांपायी युरोपने 2018 मध्ये उघड्या शेतात वापरायला मना केली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तर 2014 सालीच आकडे तपासून सांगितलं होतं की बहुतेक ठिकाणी सोयाबीनच्या बियाण्याला हा लेप लावून उत्पन्नात फारसा किंवा काहीच फायदा होत नाही. कारण ओळखीचं वाटेल: तिकडचा मावा येतो तोवर झाडातल्या औषधाचा जोर सरलेला असतो. आता यावरून आपणही लेप सोडावा का? मुळीच नाही, कारण आपली माशी मावा नव्हे. ती पहिल्या पंधरवड्यातच येते. आणि तिकडच्या उत्तरावर इकडे पेरणी करणं हे तिकडच्या शिफारशीवर कर्ज वाटण्याइतकंच आंधळं.

गेल्या वर्षी ऑगस्टात एका साहित्य कार्यक्रमासाठी वाशिमला गेलो होतो. वाकडी वाट करून भाऊंकडे गेलो. भाऊ थकले आहेत, ऐकू कमी येतं. शेती मुलगा पाहतो. ट्रॅक्टर आहे, पेरणी यंत्र आहे. शेतात चालताना त्याने एका जागी मला थांबवलं. लांबच लांब एक पट्टा, पेरणी यंत्राच्या एका फेऱ्याच्या रुंदीचा, दोन्ही टोकांना तुऱ्हाटी रोवलेली. सगळ्या शेताचं बियाणं लेप लावलेलं. हा पट्टा बिनलेपाचा.

"बाबा दरसाल ठेवाले लावतात," तो म्हणाला. "जागा बदलवतो. चिठ्ठी टाकून."

पट्ट्याच्या कडेला वहिनी उकिडव्या बसल्या होत्या. पुढे विळी. हातात रबरी हातमोजे, भांडी घासायला शहरात वापरतात तसले पिवळे. एक ढीग पट्ट्यातल्या झाडांचा, एक बाहेरच्या. त्यांनी एक झाड उचललं, शेवग्याची शेंग सोलावी तसं सरळ खोड चिरलं, फाक उजेडाकडे धरली आणि तांबूस वाटेवर बोटं ठेवत गेल्या. नातू शाळेची वही घेऊन समोर बसला होता.

"चार बोटं," त्या म्हणाल्या. "लिही."